कुणी विचारलं तर

"तुम्ही ख्रिश्चन लोक सगळ्यांना तुमच्या धर्मात ओढता म्हणे. खरं का हो सिस्टर?" हा प्रश्न मी नोकरीभर ऐकत आले. कुणी रागाने विचारला, कुणी नुसत्या कुतूहलाने. एका पेशंटने तर मी टाके काढत असताना विचारला होता. माझं उत्तर तेव्हा होतं तेच आजही आहे. माझा विश्वास दुसऱ्याला सांगावा असं मला मनापासून वाटतं, आणि मी तो सांगते. ओढून मात्र कुणाला आणत नाही. ओढून आणलेल्या माणसाचा विश्वास त्याचा स्वतःचा नसतोच, मग तो देवाच्या तरी काय कामाचा?

मी नगरची. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं, तरी आमच्या तोंडी नगरच आहे. नर्सिंगचं शिक्षण एका मिशनच्या दवाखान्यात झालं, पुढे वेगवेगळ्या रुग्णालयांत नोकरी केली, आता निवृत्त आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं सुमारे 10 लाख 80 हजार होती, म्हणजे शंभरात एकसुद्धा भरत नाही. आमच्या जिल्ह्यात मात्र पुष्कळ गावांत ख्रिस्ती घरं आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईला आले आणि 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं, तेव्हापासूनची ही वस्ती. आमची आडनावं शेजाऱ्यांसारखीच, बोली तीच, भाकरी-पिठलं तेच. फरक दिसतो तो रविवारी सकाळी, पाळकसाहेबांच्या मागे मंडळी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाते तेव्हा.

विश्वास सांगणं आमच्याकडे ऐच्छिक नाही, हे आधी सांगून टाकते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी येशू शिष्यांना सगळ्या लोकांकडे पाठवतो. ती आज्ञा आहे. पण त्याच नव्या करारात पेत्राचं पहिलं पत्रही आहे. त्यात तो म्हणतो, की तुमच्या मनातल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते उत्तर सौम्यपणे, आदराने द्या. मंडळीत बहुतेक वेळा पहिल्या वचनावर प्रवचन होतं. माझं सगळं आयुष्य मात्र या दुसऱ्या वचनावर चाललं आहे, कारण माझी ऐकणारी माणसं खाटेवर पडलेली असायची.

एक प्रसंग सांगते. ऊसतोडीचा हंगाम होता. पाथर्डीकडचं एक जोडपं मुकादमाबरोबर आलेलं, कोपीत राहणारं. नवरा रात्री पाचटावर झोपला आणि पहाटे पोटात कळ आली म्हणून उठला. अंगावर दंशाची खूण दिसेना. मण्यार चावली की असंच होतं, खूण बहुतेकदा सापडत नाही आणि काही तासांत पापण्या मिटायला लागतात. आमच्याकडे आणला तेव्हा त्याला डोळे उघडे ठेवता येत नव्हते. सर्पविषावरच्या औषधाच्या बाटल्या सलाईनमधून सुरू केल्या. अशा पेशंटला थोड्या थोड्या वेळाने एका श्वासात आकडे मोजायला लावतात. एका दमात कुठपर्यंत पोचतो ते लिहून ठेवायचं, म्हणजे श्वासाचे स्नायू किती थकलेत ते कळतं. तो आधी वीसपर्यंत गेला, मग चौदा, मग नऊ. त्याची बायको खाटेच्या कडेला उभी राहून त्याच्याबरोबर मोजत होती आणि तो थांबला तरी पुढचे आकडे म्हणत होती. शेवटी घशात नळी घालून त्याला मशीनवर घ्यावं लागलं.

रात्री वॉर्ड शांत झाल्यावर तिने मला विचारलं, "सिस्टर, मघाशी डोळे मिटून काय म्हणत होता?"

"प्रार्थना करत होते. ड्यूटी सुरू करायच्या आधी रोज करते."

"कुणाची?"

"येशू ख्रिस्ताची."

"मंग आमच्या मालकासाठी बी म्हणा की."

मी तिला विचारलं, येशूच्या नावाने म्हटलं तर चालेल का. ती म्हणाली, म्हणा. मी तिच्याजवळ उभी राहून मोठ्याने दोन-तीन वाक्यांची प्रार्थना केली. त्याला श्वास दे, डॉक्टरांना शहाणपण दे, हिला धीर दे, एवढीच. झाल्यावर तिने विचारलं, "नवस काय बोलायचा? कोंबडं का नारळ?"

"काहीच नाही."

"आन् बरा झाल्यावर?"

"तेव्हाही काही नाही. आमच्यात देवाला काही देऊन त्याची कृपा मिळत नाही. ती त्याने आधीच दिलेली असते, आपण फक्त घ्यायची."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "फुकाट कोण देतं?" म्हणाली. मुकादमाच्या उचलीवर सगळा हंगाम राबणारी ती बाई होती. तिच्या जगात दिलेला प्रत्येक रुपया फेडावा लागत होता. ख्रिस्ती विश्वासाचा गाभा समजून घ्यायला सगळ्यात अवघड जातो तो इथेच. आमचं म्हणणं असं की माणसाच्या पापाचं देणं ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतः चुकतं केलं, त्यामुळे माणसाकडे फेडायला काही उरलेलं नाही. हे एका वाक्यात सांगता येतं, पण गळी उतरायला आयुष्य लागतं. माझ्याही गळी सगळं उतरलंय असं मी म्हणणार नाही. मी तिला एवढंच म्हटलं, की तो स्वतः भरून मोकळा झालाय. आणि कामाला लागले.

पुढे बोलले नाही, त्याचं कारण होतं. तिचा नवरा माझ्या हातात होता. औषधाची वेळ, नळीतला चिकटा काढणं, मशीनचा आवाज झाला की धावणं, सगळं माझ्याकडे. अशा वेळी मी तिला "येशूवर विश्वास ठेवशील का" असं विचारलं असतं, तर ती "नाही" कशी म्हणणार होती? जिथे समोरच्याला नाही म्हणायची सोय नसते, तिथे त्याच्या होकाराला काही किंमत नाही. माझ्या पहिल्या मेट्रनबाई आम्हा मुलींना सांगत, की पेशंट खाटेवर आहे तोवर तुमचं तोंड बंद आणि हात चालू राहू द्या. बाई स्वतः मोठ्या भक्तिमान होत्या, पहाटे गुडघ्यांवर असत. तरी ही शिस्त त्यांनी कधी मोडू दिली नाही.

चौथ्या दिवशी तो माणूस मशीनवरून निघाला. जाताना बायकोने दारात मला गाठलं. "ते तुमचं पुस्तक असतं का? पोरगी वाचती माझी, सहावीत हाय." मी लूकचं शुभवर्तमान दिलं, छोटी पुस्तिका. पुढे त्यांची गाठ पडली नाही, आणि मी शोधायलाही गेले नाही.

आपल्या मराठीत याचा सगळ्यात मोठा दाखला नारायण वामन टिळकांचा आहे. टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, 1861 चा जन्म. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन माणूस भेटला. दोघं कवितेवर बोलले, संस्कृत साहित्यावर बोलले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नवा करार दिला आणि तो मन लावून वाचा असं सांगितलं. टिळकांनी आधी केवळ दिलेला शब्द पाळायचा म्हणून वाचायला घेतला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून डोंगरावरचं प्रवचन सुरू होतं, तिथे पोचल्यावर त्यांना तो खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. डब्यातला तो माणूस कोण होता, ते टिळकांना पुढे कधीच कळलं नाही. त्याने पत्ता दिला नव्हता, पाठपुरावा केला नव्हता. मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्याने आधी टिळकांचं ऐकून घेतलं, मग आपलं सांगितलं, आणि आपल्या वाटेने निघून गेला.

टिळकांच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंच्या संसाराचं काय झालं, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नवरा-बायकोची ताटातूट झाली, ती काही वर्षं टिकली. नंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याकडे राहायला आल्या, तरी त्यांचं सोवळं-ओवळं चालूच होतं. टिळक महाराष्ट्रातले नामांकित वक्ते आणि कवी, पण घरात त्यांनी बायकोवर जोर केला नाही. लक्ष्मीबाई आपल्या गतीने, आपल्याच मनाशी भांडत पुढे गेल्या. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, हे त्यांना आतून पटलं आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय त्यांचा होता म्हणूनच टिळकांच्या मागे, एकट्या पडल्यावरही, त्या डगमगल्या नाहीत. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरं केलं.

याच घरात बालकवी ठोंबरेही राहिले. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी या मुलाची कविता ऐकली, पुढे त्याला नगरला आपल्या घरी आणलं. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं वागवलं. सकाळ-संध्याकाळ ख्रिस्ती प्रार्थना होणाऱ्या त्या घरात बालकवी राहिले, जेवले, रुसले, लिहिते झाले आणि हिंदूच राहिले. टिळक तर धर्मोपदेशक होते, सांगणं हेच त्यांचं काम. तरी त्या मुलावरचं त्यांचं प्रेम कमी झालं नाही. धर्म सांगणाऱ्यांना कसं पारखावं असं कुणी मला विचारलं, तर मी म्हणेन, की ज्यांनी त्यांचं ऐकलं नाही त्यांच्याशी ते नंतर कसे वागले ते बघा.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. पगार वाईट नव्हता, मिशनशी भांडणही नव्हतं. पण पगार घेऊन सांगणाऱ्याचं बोलणं ऐकणारा तोलून मापून घेतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. या देशात संतांनी देव सांगितला तो हात पुढे न करता, आणि टिळक तर तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं उघड म्हणत. पुढची दोन वर्षंच त्यांना मिळाली. 9 मे 1919 ला मुंबईत ते गेले.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून अवघड आहे, आणि ती ख्रिस्ती माणसाने टाळू नये. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला हलवलं. बालविधवांसाठी ते घर होतं आणि तिथे कुणाला ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी मंडळी त्या भरवशावर सल्लागार झाली. रमाबाई स्वतःची प्रार्थना आपल्या खोलीत करत आणि दार बंद करत नसत. मुली येऊन बसू लागल्या. काही मुलींना तो विश्वास आपलासा वाटू लागला. 1893 मध्ये गहजब झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

चूक कुणाची? मी यावर खूप विचार केला आहे. ज्या बाईने आपल्या विश्वासासाठी एवढं सोसलं तिने देवाशी बोलताना दार लावून घ्यावं, असं मी म्हणू शकत नाही. पण त्या मुलींचं जगही मला दिसतं. घरच्यांनी टाकलेल्या, केशवपनाच्या भीतीतून सुटलेल्या त्या पोरी होत्या. ज्या बाईने त्यांना पुन्हा माणसात आणलं, तिचा देव त्यांना आपला वाटणार नाही तर काय होईल? उपकाराखालच्या माणसाचं मन किती मोकळं असतं, हा प्रश्न तिथे होताच. रमाबाईंच्या बाजूने एक मोठी साक्ष मात्र आहे. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तिथे काही वर्षं राहून शिकली आणि हिंदूच राहिली. 1893 मध्येच तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी उघडपणे ख्रिस्ती संस्था चालवली. दुष्काळातल्या अनाथ मुली सांभाळता सांभाळता मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. संस्था उघडपणे ख्रिस्ती असणं मला जास्त बरं वाटतं. येणाऱ्याला आपण कुठे येतो आहोत ते उंबऱ्यावरच कळतं.

सत्तेच्या सावलीत सांगितलेल्या विश्वासाचं काय होतं, त्यासाठी गोव्याकडे बघावं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत आणि आपल्या भाषेवरचं त्यांचं प्रेम पानापानांवर दिसतं. पण त्याच गोव्यात पोर्तुगीज राजवटीने देवळं पाडली होती आणि 1560 पासून धर्मन्यायालय बसवलं होतं. स्टीफन्सचा ग्रंथ कितीही गोड असला, तरी तो ऐकणाऱ्याच्या पाठीशी शिपाई उभा होता. ख्रिस्ती म्हणून मला या इतिहासाची लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

माझी आजी बायबलबाई होती. हे पद आता फारसं उरलेलं नाही. खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका आणि अंकलिपी, आणि पायी खेड्यांतून फिरणं. पुरुष उपदेशकाला ज्या घरांत मज्जाव असे तिथे तिला मागच्या दाराने जाता यायचं. बायका निवडत-टिपत असायच्या, ही त्यांच्या सुपातले खडे काढू लागायची आणि हात चालू असताना गोष्ट सांगायची. उधळ्या पुत्राची गोष्ट तिची आवडती. बापाने मुलाला लांबून पाहिलं आणि तो धावत सुटला, हे सांगताना ती स्वतः हातातलं टाकून उठायची, असं आई सांगे. ज्यांना ऐकायचं नसे त्यांना ती अक्षरं शिकवायची. तिला मिशनकडून थोडं मानधन होतं, तरी एकही पुस्तिका ती कुणाच्या हातात कोंबत नसे. आधी बाईने मागितली पाहिजे, असा तिचा नेम होता.

नगरच्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तनही आपलं केलं. एकोणिसाव्या शतकापासून इथे ख्रिस्ती कीर्तनकार उभे राहिले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग, सगळं रीतसर, आख्यान मात्र बायबलमधलं. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकात टिळकांची पदं आहेत, ती आम्ही दर रविवारी गातो. कीर्तनाला गाव जमायचं. आवडलं तर बसायचं, नाही तर उठून जायचं. उठून जायची वाट मोकळी ठेवणारा हा प्रकार होता, म्हणून तो मला प्रवचनापेक्षा सरस वाटतो.

आता चंगाई सभांबद्दल, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांबद्दल, बोलते, कारण न बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. एक टीबीचा पेशंट आमच्याकडे परत आला, पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत. खोकला थांबला होता, वजन वाढायला लागलं होतं, तेवढ्यात एका सभेत त्याला कुणी सांगितलं, की आता विश्वास ठेव, गोळ्या कशाला हव्यात. त्याने अर्ध्यात सोडल्या. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडला तर उरलेले जंतू त्याच औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि घरातल्या पोराबाळांनाही तोच बळकट आजार लागू शकतो. मी प्रार्थनेवर विश्वास ठेवणारी बाई आहे. पण येशूने कुष्ठरोग्याला बरं केल्यावर त्याला काय सांगितलं? जा आणि स्वतःला याजकाला दाखव. त्या काळी रोग गेला की नाही हे याजक तपासत असे. म्हणजे येशूने त्याला तपासणीला पाठवलं. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याने मत्तयाचा आठवा अध्याय नीट वाचलेला नाही. अशा माणसांमुळे आमच्या सगळ्यांच्याच बोलण्यावर संशय येतो, आणि तो संशय मी समजू शकते.

कायद्याचं म्हणाल, तर घटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. माझी त्याला हरकत नाही. माणसाचं मन बदलणं हे माझं काम आहे असं मी मानतही नाही, आमच्या श्रद्धेप्रमाणे ते पवित्र आत्म्याचं काम. पण ऐकणाऱ्यालाही तेच 25 वं कलम लागू आहे, हे लोक विसरतात. त्याचा विवेक त्याचा आहे. एखाद्या शेतमजूर बाईने येशूला मानायचं ठरवलं की तिला कुणीतरी फसवलंच असणार, असं आपण लगेच धरून चालतो. शिकलेल्या माणसाने मत बदललं की मात्र आपण त्याला विचारवंत म्हणतो.

आणि आमिषाचं बोलायचं, तर दलित माणसाच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. अनुसूचित जातींविषयीचा 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आधी मुख्यतः हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजूनही बाहेर आहेत. म्हणजे बाप्तिस्मा घेतला की सवलत जाते, जात मात्र गावाच्या नजरेतून जात नाही. आमच्या भागात वर्षानुवर्षं देवळात येणारी, प्रार्थना करणारी माणसं आहेत. मुलांच्या शिक्षणाचा विचार करून त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही. त्यांना मी कधी कमी लेखत नाही. येशूला रात्रीच्या अंधारात भेटायला येणारा निकदेमही होताच, आणि येशूने त्याला परत पाठवलं नाही.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' लिहिलं. धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, 2020 मध्ये ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईची झाडं आणि पाणी वाचवण्यासाठीही ते रस्त्यावर उतरले होते. त्यांचं बायबल मी शेजारी, ओळखीचे, विचारणारे, सगळ्यांना सुचवते. ज्याला वाचायचं तो आपल्या घरी, आपल्या वेळेला वाचतो.

आमच्या समोरच्या वहिनी त्यांतल्याच. दिवाळीला त्यांच्याकडून डबा येतो, नाताळला आमच्याकडून करंज्या आणि शंकरपाळ्या जातात. त्यांचे प्रश्न हळूहळू येत गेले. तुमच्यात उपवास असतात का? लेंटचे चाळीस दिवस सांगितले. बाप्तिस्मा घेतला की नाव बदलावं लागतं का? नाही, माझ्या आजीचं नाव शेवटपर्यंत गंगूबाईच होतं. माझे यजमान गेले त्या वर्षी त्यांनी विचारलं, की तुमच्यात श्राद्ध नसतं, मग आठवण कशी काढता? मी म्हटलं, पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे आम्ही कब्रस्तानात जातो, गाणी म्हणतो, या बघायला. त्या चहाचा थर्मास घेऊन आल्या.

परतताना त्यांनी विचारलं, "ताई, दादा पुन्हा भेटतील असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"वाटतं." मग मी त्यांना येशू उठला त्या पहाटेची हकिकत सांगितली. बायका कबरेकडे गेल्या, धोंड बाजूला झालेली, कबर रिकामी. चारही शुभवर्तमानांत ती बातमी आधी बायकांनाच कळते.

"आणि पुरुषांनी ऐकलं त्यांचं?"

"लगेच नाही. लूक लिहितो, की त्यांना ती बडबड वाटली."

वहिनी खळखळून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायबल मागून नेलं. सध्या योहान वाचतायत, आणि विसाव्या अध्यायात अडकल्यात. मरीया मग्दालिया एवढी जवळची, तिला समोर उभा असलेला येशू माळी कसा वाटला, रोजचं माणूस ओळखू कसं आलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, की ती रडत होती, आणि त्याने नावाने हाक मारल्यावर तिने ओळखलं. त्यांना ते पटलेलं नाही. उद्या दुपारी पुन्हा येणार आहेत.